आयकॅनमधील पदासाठी उभे राहण्याआधी : लातूरच्या एका प्राध्यापिकेला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने विचारले आहे की, त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेली इंटरनेट वापरकर्त्यांची संस्था आयकॅन या, इंटरनेटवरील नावे आणि पत्ते यांचा समन्वय करणाऱ्या जागतिक संस्थेच्या अ‍ॅट-लार्ज या सामान्य वापरकर्त्यांच्या समुदायात नोंदलेली आहे, त्यांना स्वतःला एकदा आयकॅनची फेलोशिपही मिळाली आहे आणि आता एखाद्या जबाबदारीच्या पदासाठी उभे राहावे असे त्यांच्या मनात आहे. आयकॅनच्या पदांसाठी माणसे निवडणाऱ्या नामनिर्देशन समितीकडे थेट संचालक मंडळासाठी अर्ज करावा, की याच समुदायाच्या आशिया-पॅसिफिकमधील प्रादेशिक संघटनेतील पदापासून सुरुवात करावी, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा त्यांनी काहीशा संकोचाने विचारला आहे : बोलण्यातली इंग्रजी फारशी सफाईदार नसलेल्या, मराठवाड्यातल्या बाईला तिथे कोण मत देणार?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. या वर्षी प्रादेशिक संघटनेतील पदासाठी उभे राहा. संचालक मंडळाचा अर्ज आणखी काही वर्षे थांबला तरी चालेल. दुसऱ्या प्रश्नाबद्दल इतकेच म्हणेन की मत केलेल्या कामाला मिळते, ते काम लातूरमध्ये बसून करता येते आणि त्यातले काही तर आपल्याच भागातल्या माणसांनी करावे असे आहे. अ‍ॅट-लार्जच्या कार्यगटांत बरीच वर्षे काम केल्यामुळे आणि उमेदवारांची निवेदने वाचून त्यांवर मत देण्याची जबाबदारी अनेकदा माझ्याकडे आल्यामुळे मी हे पुरेशा खात्रीने लिहितो आहे.

आधी ही संस्था काय करते हे स्वतःशी पक्के करून घ्या, कारण बहुतेक निवेदने इथेच घसरतात. आयकॅन ही १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ना-नफा संस्था आहे. डोमेन नावांची सर्वांत वरची यादी (म्हणजे ‘.com’, ‘.in’ अशा शेवटांची), आयपी पत्त्यांचे (यंत्रांच्या अंकी पत्त्यांचे) सर्वोच्च पातळीवरचे वाटप आणि प्रोटोकॉलसाठी (यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांसाठी) लागणाऱ्या क्रमांकांच्या नोंदी यांचा समन्वय तिच्याकडे आहे. या कामावरील अमेरिकी सरकारची देखरेख ३० सप्टेंबर २०१६ रोजी करार संपल्यावर थांबली आणि तेव्हापासून संस्था आपल्या जागतिक समुदायाला उत्तरदायी आहे. त्यानंतरची तिची पहिली सार्वजनिक बैठक नोव्हेंबर २०१६ मध्ये हैदराबादला झाली, म्हणजे आपल्यापासून एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर. गावात फायबर पोहोचवणे, डेटाचे दर ठरवणे, समाजमाध्यमांवरचा मजकूर हटवणे यांतले काहीही आयकॅनच्या हातात नाही. तरीही ‘मी ग्रामीण भागात इंटरनेट पोहोचवीन’ असे लिहिणारे उमेदवार दरवर्षी दिसतात. त्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळते की या व्यक्तीने संस्थेचे उपविधी वाचलेले नाहीत, आणि पुढचे निवेदन मग त्याच नजरेने वाचले जाते.

आता संचालक मंडळाबद्दल. मतदानाचा अधिकार असलेले १६ संचालक असतात. त्यांपैकी ८ जणांची निवड नामनिर्देशन समिती करते, डोमेन नावे आणि पत्ते यांची धोरणे आखणाऱ्या तीन सहायक संघटना प्रत्येकी २ जण पाठवतात, अ‍ॅट-लार्ज समुदाय १ जण निवडतो आणि मुख्य कार्यकारी अधिकारी पदसिद्ध असतो. मुदत तीन वर्षांची असते आणि सलग तीन मुदतींपेक्षा जास्त काळ राहता येत नाही. जग पाच प्रदेशांत विभागलेले असून एका प्रदेशातून पाचपेक्षा जास्त संचालक घेता येत नाहीत, म्हणून आशिया-पॅसिफिकमधून त्या वर्षी किती जागा मोकळ्या होत आहेत हे पाहिल्याशिवाय अर्ज करण्यात अर्थ नसतो. नामनिर्देशन समितीकडे जाणे ही निवडणूक नव्हे. तिथे अर्ज गोपनीय राहतात, शिफारस करणाऱ्यांची नावे मागितली जातात, मुलाखती होतात, आणि समिती शोधत असते ती मोठ्या संस्थेचा अर्थसंकल्प, लेखापरीक्षण, जोखीम, कायदेशीर दावे हे सगळे हाताळलेली व्यक्ती. तुमच्या अनुभवात ही बाजू आज कमी आहे. ती भरून काढता येते. विद्यापीठाच्या एखाद्या प्राधिकरणावर, सहकारी संस्थेच्या संचालक मंडळावर किंवा एखाद्या विश्वस्त संस्थेत ताळेबंदावर सही करण्याची जबाबदारी घ्या. तो अनुभव पुढे याच अर्जात मोजला जातो.

अ‍ॅट-लार्जच्या वाट्याची संचालकाची एक जागा ज्या पद्धतीने भरली जाते ती समजून घेण्यासारखी आहे, कारण सगळी रचना त्यातून दिसते. अ‍ॅट-लार्ज सल्लागार समितीत १५ सदस्य असतात : पाच प्रादेशिक संघटनांनी निवडलेले प्रत्येकी २ आणि नामनिर्देशन समितीने नेमलेले ५. त्या जागेसाठी हे १५ सदस्य आणि पाच प्रादेशिक संघटनांचे अध्यक्ष असे एकूण २० जण मत देतात. जगभरच्या इंटरनेट वापरकर्त्यांच्या वतीने २० मते. त्यामुळे प्रादेशिक संघटनेतले पद ‘लहान’ समजू नका. त्या पदावर बसलेल्या माणसाच्या मताचे वजन फार मोठे असते आणि ती जागा नीट भरली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

प्रादेशिक संघटनेच्या निवडणुकीत मत संस्थेचे असते आणि ते संस्थेने नेमलेला प्रतिनिधी देतो. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत सोसायटीचा ठराव ज्याच्या नावावर, मत त्याचे, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. इथेही तसेच आहे. म्हणून पहिली गोष्ट आपल्याच संस्थेची तपासा. मतदार प्रतिनिधी म्हणून आजही एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचे नाव आणि त्याचा बंद पडलेला ईमेल नोंदलेला आहे का? सदस्यांची सभा घेऊन प्रतिनिधी ठरवल्याचे इतिवृत्त आहे का? उमेदवाराच्या स्वतःच्या संस्थेचेच मत बाद होणे ही लाजिरवाणी गोष्ट असते, आणि अशी वेळ इतरांवर आलेली मी पाहिली आहे.

या तुलनेला मात्र एक मर्यादा आहे. आपल्याकडच्या सहकारी निवडणुकीत पॅनेल बांधायचे, ठराव गोळा करायचे आणि मग प्रचाराला निघायचे ही रीत आहे. इथे ती सवय सोबत नेऊ नका. मतांची मोट बांधण्याने इंटरनेटच्या संस्थांचे काय होते, याचे ताजे उदाहरण आफ्रिकेत घडले. तिथे आयपी पत्त्यांचे वाटप करणाऱ्या, मॉरिशसमधील आफ्रिनिक या संस्थेच्या संचालक मंडळाला २०२२ पासून गणसंख्याच उरली नाही. २०२३ मध्ये न्यायालयाला तिचा कारभार पाहण्यासाठी रिसीव्हर नेमावा लागला. जून २०२५ मध्ये घेतलेली निवडणूक मतदानाच्या मुखत्यारपत्रावरून उठलेल्या वादात रद्द झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा मतदान घेतल्यावर तिला मंडळ मिळाले. एका खंडाची पत्तेवाटप करणारी संस्था इतकी वर्षे निर्णयाविना अडकून पडली, कारण मतदार कोण आणि त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला, याची खातरी देणारी व्यवस्था ढिली होती. आशिया-पॅसिफिकमध्ये हेच पत्तेवाटपाचे काम करणाऱ्या एपीनिकमध्येही २०२३ च्या कार्यकारी मंडळाच्या निवडणुकीत गंभीर तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी क्योटोच्या बैठकीच्या वेळी उपविधी बदलावे लागले. तेव्हा मत जरूर मागा, पण ‘तुम्ही मला, मी तुम्हाला’ असा व्यवहार ईमेलमध्ये, फोनवर किंवा चहाच्या टेबलावर, कुठेही करू नका.

(हाच प्रश्न जालन्यातल्या किंवा नांदेडमधल्या एखाद्या लहान इंटरनेट पुरवठादाराने विचारला असता, तर मी त्याला एपीनिककडे बोट दाखवले असते. तिथल्या कार्यकारी मंडळात सात निवडून आलेले सदस्य असतात आणि सदस्यत्वाच्या श्रेणीनुसार एका सदस्याची मते १ पासून ६४ पर्यंत असतात, त्यामुळे तिथले गणित पूर्ण वेगळे आहे. तुमचे क्षेत्र वापरकर्त्यांचे आहे; तिथेच राहा.)

आता मुख्य मुद्दा, म्हणजे कामाची नोंद. आयकॅनमध्ये जवळजवळ सगळे उघड्यावर चालते. कार्यगटांच्या ईमेल याद्यांची दफ्तरे, बैठकांची ध्वनिमुद्रणे, उपस्थितीच्या नोंदी, मसुद्यांच्या आवृत्त्या, सगळे कोणालाही पाहता येते आणि मत देणारे ते खरोखर पाहतात. मी स्वतः एखाद्या उमेदवाराचे निवेदन वाचले की लगेच कार्यगटाच्या पानावर जाऊन त्याच्या नावाने काय सापडते ते पाहतो. फेलोशिपनंतर तुमचे नाव किती ठिकाणी सापडते, हा प्रश्न आजच स्वतःला विचारा. नामांकनाला अजून अवधी असेल, तर एका सार्वजनिक सल्लामसलतीच्या मसुद्याचे लेखन अंगावर घ्या. तिथे मसुदा लिहिणाऱ्याला ‘पेनहोल्डर’ म्हणतात. हे काम कंटाळवाणे आहे : शंभर पानांचा अहवाल वाचायचा, वापरकर्त्यांच्या दृष्टीने त्यातली चार कलमे वेगळी काढायची, दोन पाने लिहायची, दहा जणांच्या सूचना सामावून घ्यायच्या आणि मुदतीच्या आत पाठवायचे. म्हणूनच पुढे यायला फारसे कोणी तयार नसते आणि नवीन माणसाला ते सहज मिळते. असे दोन मसुदे पूर्ण केलेल्या व्यक्तीला निवेदनात स्वतःची फारशी ओळख करून द्यावी लागत नाही.

विषय कोणता घ्यावा, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी मी सांगणार आहे, कारण तुमच्या उमेदवारीची खरी ताकद तिथे आहे. देवनागरी नावांचा विषय घ्या. ‘.भारत’ हे डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले आणि मराठी नावे त्यात घेता येतात. सर्वांत वरच्या यादीत देवनागरी नाव कोणत्या अक्षरांनी बनू शकते याचे नियम नवब्राह्मी लिपींसाठी नेमलेल्या तज्ज्ञ गटाने तयार केले. त्या नियमांत मराठीला थेट भिडणारी एक बाब आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे आपल्यासाठी वेगळे शब्द आहेत. दुसऱ्या शब्दातला तो अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एकात साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह टाकतात, दुसऱ्यात खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ वापरून त्याला हलन्त जोडतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या दृष्टीने मात्र त्या दोन भिन्न अक्षरमालिका आहेत. सर्वांत वरच्या यादीच्या नियमांत न दिसणाऱ्या जोडचिन्हाला मनाई आहे, म्हणून मराठीसाठी टिंबाच्या ‘ऱ’ची वाट ठेवलेली आहे. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दाने सुरू होणारे नाव एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला हवे असेल, तर तिच्या माणसाच्या कीबोर्डवरून यातली कोणती मालिका उमटते, नोंदणी करणारी कंपनी ती कशी हाताळते आणि चुकीची मालिका टाकल्यास कोणता संदेश येतो, हे कोणीतरी बसून तपासायला हवे. हिंदी भाषकाला हा प्रश्न सहजी सुचणार नाही. तुमच्या वर्गात मात्र तो तपासू शकणारी मुले बसलेली आहेत.

दुसरी बाजू ‘सार्वत्रिक स्वीकृती’ची, म्हणजे कोणत्याही लिपीतले वैध नाव आणि ईमेल पत्ता प्रत्येक सॉफ्टवेअरने स्वीकारला पाहिजे या कामाची. त्यासाठीचा दिवस २८ मार्च २०२३ पासून जगभर पाळला जातो. देवनागरी ईमेल पत्ता घेऊन विद्यार्थ्यांना बसवा आणि प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे, बँकेचे, बस आरक्षणाचे फॉर्म एकामागून एक भरायला लावा. बहुतेक ठिकाणी ‘कृपया वैध ईमेल पत्ता लिहा’ असा लाल अक्षरांतला संदेश येईल. त्याचे एक कारण अगदी साधे आहे : वेबपानांत ईमेलसाठी जो तयार रकाना वापरतात, त्याच्या ठरलेल्या नियमानुसार ‘@’च्या आधीचा भाग फक्त रोमन अक्षरांत, अंकांत आणि काही चिन्हांत असावा लागतो. म्हणजे सर्व्हरपर्यंत पत्ता पोहोचण्याआधी ब्राउझरच तो अडवतो. नकार ब्राउझरने दिला की सर्व्हरने, हे प्रत्येक फॉर्मसाठी नोंदवून पडद्याच्या छायाचित्रांसह दहा पानांचा अहवाल इंग्रजीत लिहिला, तर समुदायात त्याची दखल घेतली जाईल, कारण तिथे या विषयावर भाषणे पुष्कळ होतात आणि प्रत्यक्ष तपासणीच्या नोंदी कमी असतात. २०१२ नंतरची नव्या सर्वोच्च डोमेन नावांची पुढची फेरी २०२६ साठी जाहीर झालेली असल्याने हा विषय पुढची काही वर्षे मध्यभागी राहणार आहे.

निवेदन लिहिताना यातलेच लिहा. ‘समावेशकता, पारदर्शकता आणि डिजिटल दरी मिटवणे यांसाठी मी कटिबद्ध आहे’ हे वाक्य प्रत्येक उमेदवार लिहितो आणि ते वाचून मत देणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी लिहा की, ‘ज्या सदस्य संस्था गेल्या वर्षभरात एकाही कार्यगटात दिसल्या नाहीत, त्यांच्याशी मी पहिल्या सहा महिन्यांत एकेक करून बोलेन आणि त्यांच्या अडचणी लेखी स्वरूपात प्रदेशासमोर ठेवीन.’ असे वचन मोजता येते, वर्षभराने त्याचा जाब विचारता येतो आणि म्हणून त्यावर विश्वास बसतो. आपण लातूरच्या आहोत हे लपवू नका, आणि त्याचे भांडवलही करू नका. दुष्काळी भागातून आल्याचे वर्णन करणारा परिच्छेद काढून टाका आणि त्या जागी त्या भागात काय तपासले, काय आढळले, हे लिहा.

इंग्रजीबद्दल तुमचा संकोच मला समजतो. आयकॅनच्या मोठ्या बैठकांत संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत दुभाषी असतात. त्यांत आपली कोणतीही भाषा नाही. व्हिएतनाम, जपान, सामोआ, नेपाळ इथून आलेली माणसे मात्र याच सभांत आपापल्या उच्चारांत बोलतात आणि ऐकणाऱ्यांचे कान त्याला सरावलेले असतात. नेपाळचे गौरवराज उपाध्याय एपीनिकच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष होते. नेतृत्व मोठ्या देशांकडेच जाते असे नाही. अडचण उच्चाराची नसते, ऐनवेळी उत्तर सुचण्याची असते, आणि तिची तयारी करता येते. उमेदवारांच्या प्रश्नोत्तरांच्या सत्रात साधारणपणे विचारले जाते की वेळ किती देऊ शकाल, निष्क्रिय संस्थांचे काय कराल, सध्या चर्चेत असलेल्या एखाद्या धोरणावर तुमचे मत काय आणि आपल्या देशाच्या सरकारच्या भूमिकेहून तुमचे मत वेगळे असेल तर काय कराल. शेवटचा प्रश्न भारतीय उमेदवाराला हमखास येतो. त्याचे उत्तर आधी स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा, कारण तुम्ही तिथे वापरकर्त्यांच्या प्रतिनिधी असाल. सरकारचे म्हणणे मांडायला सरकारांची स्वतंत्र सल्लागार समिती आहे. उत्तरे मोठ्याने म्हणून पाहा, प्रत्येक उत्तर दीड मिनिटात बसवा आणि एखादा शब्द अडला तर चॅटमध्ये लिहून मोकळ्या व्हा. तिथे तसे सगळेच करतात.

वेळेचा प्रश्न त्याहून कठीण आहे. कार्यगटांच्या बैठका सगळ्या खंडांना आळीपाळीने गैरसोय होईल अशा बेताने ठेवतात, त्यामुळे मध्यरात्रीनंतरची बैठक आणि सकाळी पहिला तास हे तुमच्या वाट्याला येणारच. वर्षाला तीन मोठ्या बैठका असतात, त्यांतली वार्षिक सर्वसाधारण सभा बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे नेमकी हिवाळी परीक्षांच्या तोंडावर येते. घरच्यांशी आणि विभागप्रमुखांशी हे उमेदवारीच्या आधी बोला. घरी इंटरनेटच्या दोन वेगवेगळ्या जोडण्या ठेवा, एक फायबरची आणि एक मोबाइलची, आणि राउटरला बॅटरीचा आधार द्या. रस्त्याच्या कामात केबल तुटली म्हणून मतदानाच्या वेळी अध्यक्ष गायब, असे होऊ देऊ नका. ही पदे विनावेतन आहेत. ठरावीक पदाधिकाऱ्यांचा बैठकांचा प्रवासखर्च संस्था करते, पण रजेची भरपाई कोणी करत नाही.

पात्रतेबद्दल तुमच्या मनात एक शंका दिसते, ती दूर करतो. सरकारी अधिकारी आयकॅनच्या संचालक मंडळावर बसू शकत नाही, हे खरे आहे. पण उपविधींतील व्याख्येनुसार निवडून आलेले शासकीय पद धारण करणारी, किंवा शासनाच्या नोकरीत असून धोरण ठरवणे वा त्यावर प्रभाव टाकणे हे जिचे मुख्य काम आहे, अशी व्यक्ती तिथे अभिप्रेत आहे. अनुदानित महाविद्यालयात शिकवणारी प्राध्यापिका त्यात मोडत नाही. तुम्हाला मात्र हितसंबंधांचे निवेदन भरावे लागेल. एखाद्या डोमेन नोंदणी कंपनीकडून महाविद्यालयाला प्रयोगशाळेसाठी मदत मिळाली असेल किंवा तुमचे जवळचे कोणी अशा कंपनीत असेल, तर ते लिहा. उघड केलेल्या संबंधाने सहसा काही बिघडत नाही, पुढे दुसऱ्याने शोधून काढलेल्या संबंधाने उमेदवारी संपते.

यंदा निवडून आला नाहीत, तर कार्यगट सोडू नका. निवडणुकीनंतर महिनाभरात गायब होणारे उमेदवार पुष्कळ असतात आणि पुढच्या वेळी त्यांच्या नावापुढे तीच नोंद दिसते.

महाविद्यालयाच्या परवानगीचे पत्र नामांकनाच्या आधी घ्या आणि ते प्राचार्यांच्या सहीचे असू द्या. त्यात पदाचे नाव, मुदत, ते विनावेतन असल्याचा उल्लेख, वर्षातून तीन बैठकांसाठी लागणारी कर्तव्य रजा आणि प्रवासखर्चाचा भार महाविद्यालयावर नसल्याचे स्पष्ट लिहून घ्या. प्राचार्य बदलले तर हेच पत्र कामी येते. विद्यापीठाकडून वेगळी परवानगी लागत असेल, तर त्या फाईलला वेळ लागतो हे धरून चाला. नामांकनाच्या सूचनेत शेवटची वेळ बहुधा २३.५९ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अशी लिहिलेली असते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५.२९. त्या पहाटेच्या भरवशावर राहू नका. निवेदन, हितसंबंधांची माहिती आणि नामांकन स्वीकारल्याचा ईमेल दोन दिवस आधी पाठवा आणि पोच आली की ती जपून ठेवा.